प्रश्नोत्तरांवरचा खटला

रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर 1931 साली ‘समाजस्वास्थ्य’ या त्यांच्या मासिकातल्या व्यभिचारविषयक लेखासाठी अश्लीलतेचा खटला झाला, त्यामागे पुण्यातली सनातनी मंडळी होती. मासिक मात्र 1927 पासून मुंबईहून निघे. शंभर रुपये दंड झाला. 1934 चा दुसरा खटला मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्या वेळी आरोप होता तो वाचकांच्या शंकांना दिलेल्या उत्तरांवर. हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांविषयी लोक पत्राने विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तर देत. वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला, या आक्षेपावर त्यांचे म्हणणे होते की विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल. तरी दोनशे रुपये दंड झालाच.

शरीराची माहिती आणि चाळवणारा मजकूर यांना एकाच मापाने मोजण्याची ही खोड पुढेही गेली नाही. ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातल्या ‘श्यामा’ या कथेवरून लेखक चंद्रकांत काकोडकरांवर पुण्यात खटला गुदरला. सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये त्यांना निर्दोष ठरवले आणि बजावले, की लैंगिक उल्लेख आला म्हणून कादंबरी वर्ज्य मानली, तर किशोरांना धर्मग्रंथच वाचावे लागतील. तरीही 2007 मध्ये, आमदारांनी आक्षेप घेतल्यावर, राज्य सरकारने शाळांतला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम बंद केला. मोबाइलवरच्या अश्लील चित्रफिती मात्र बंद झाल्या नाहीत.

या चित्रफिती मुलांना अपायकारक आहेत, ही पालकांची भीती खरी आहे. तिला मागासलेपण म्हणून झिडकारणे अन्यायाचे. त्या चित्रफितींत संमती विचारलेली दिसत नाही, गर्भनिरोधनाचा विषय निघत नाही. म्हणूनच वर्गात ते सांगणारे कोणी हवे. शिकवल्याने मुले लवकर त्या वाटेला लागतात, असे म्हणतात. पण युनेस्कोने 2009 आणि 2018 मध्ये जगभरातले अभ्यास तपासले, त्यांत असे आढळले नाही. दुसरा आक्षेप, हे घरानेच सांगावे. जरूर सांगावे. पण कर्व्यांना पत्रे लिहिणारी शाळकरी पोरे नव्हती, त्यांत लग्न झालेली, संसार करणारी माणसेही होती. घरात कोणी सांगितले असते तर त्यांना एका मासिकाच्या संपादकाला विचारावे लागले नसते.