बाणाचा अर्थ काय?

इंजिनिअरिंगला युएमएल शिकताना आम्ही चौकटी काढल्या, त्या रेघांनी जोडल्या आणि सबमिशनला सह्या घेतल्या. नोकरीत पुस्तकांच्या माहितीची ऑन्टॉलॉजी, म्हणजे कुठल्या प्रकारच्या गोष्टी आहेत आणि त्यांची नाती काय याचा यंत्राला कळेल असा आराखडा, करायची वेळ आली तेव्हाही मी तेच केलं. ‘पुस्तक’कडून ‘प्रकाशक’कडे बाण, टोकाला 1. पुस्तकाला प्रकाशक एकच! मग ते चित्र ‘आउल’ या भाषेत उतरवलं.

पुढे चुकून एका पुस्तकाला दोन प्रकाशक नोंदले गेले. मी एररची वाट बघत होतो. पण निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम, रीझनर, म्हणाला: प्रकाशक एकच असतो, त्याअर्थी ही दोन नावं एकाचीच! दोन्ही प्रकाशकांची सगळी पुस्तकं एकमेकांत मिसळली.

हा घोळ माझ्यापेक्षा बराच जुना आहे.

1960च्या दशकात अमेरिकेत रॉस क्विलियनने शब्दांचे अर्थ संगणकात साठवण्यासाठी ‘सिमँटिक नेटवर्क’ मांडलं. 1969मध्ये अ‍ॅलन कॉलिन्सबरोबर केलेल्या कामातली साखळी प्रसिद्ध आहे: कॅनरी, पक्षी, प्राणी. चित्र बघताक्षणी पटतं. अडचणही तीच. 1975मध्ये विल्यम वूड्सने विचारलं, या रेघेचा नेमका अर्थ काय? 1983मध्ये रोनाल्ड ब्रॅकमनने दाखवलं की नुसत्या ‘आहे’च्या बाणाचेच कितीतरी अर्थ लावले जातात. ‘मोती कुत्रा आहे’ आणि ‘कुत्रा प्राणी आहे’ यांत ‘आहे’ तोच. पण पहिल्यात एक जण गटात येतो, दुसऱ्यात अख्खा गट दुसऱ्या गटात.

अशा प्रश्नांतून ‘डिस्क्रिप्शन लॉजिक’ घडत गेलं. त्यावर उभी असलेली आउल 2004मध्ये सिमँटिक वेबची प्रमाण भाषा झाली. बाणाला एकदाचा पक्का अर्थ मिळाला, पण तो सूत्रांत, आणि सूत्रं वाचणार कोण? म्हणून पुन्हा चित्रं. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या क्रेनफील्ड आणि पर्व्हिस यांनी 1999मध्येच सुचवलं होतं की ऑन्टॉलॉजीसाठी युएमएल वापरा. प्रोग्रॅमरना ते येतंच. 2009मध्ये युएमएल सांभाळणाऱ्या ओएमजीने दोन्हींची सांगड घालणारं प्रमाणही काढलं.

चौकटी आल्या, पण त्यांच्यामागची गृहीतकं वेगळीच राहिली. सॉफ्टवेअरच्या चित्रात ‘1’ हा नियम असतो. मोडला की चूक. वेबवर कुणाकडेच पूर्ण माहिती नसते. तिथे न सांगितलेली गोष्ट खोटी ठरत नाही आणि एकाच वस्तूला दोन नावं असू शकतात. म्हणून आउलला ‘1’ हा नियम वाटत नाही, धागादोरा वाटतो. प्रकाशक लिहिलाच नाही तरी ती कुरकुरत नाही: असेल कुणीतरी. नोंदी नियमात बसतात का हे तपासायला 2017मध्ये ‘शॅकल’ हे वेगळं प्रमाण आलं.

ते दोन प्रकाशक वेगळे आहेत, हे शेवटी मी यंत्राला स्पष्ट लिहून दिलं. चित्रं अजूनही काढतो. फक्त प्रत्येक बाणाशेजारी आता एक पूर्ण वाक्य लिहितो. ते लिहिता आलं नाही, तर बाण खोडतो.