भिवंडीतल्या मोहल्ला समित्या

यंत्रमागांच्या खडखडाटात जागं राहणारं भिवंडी एकेकाळी दंगलीसाठी बदनाम होतं. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून शहर पेटलं. न्यायमूर्ती मादन आयोगाने त्याची सविस्तर चौकशी केली. तरी १९८४ मध्ये पुन्हा तेच.

शांतता समित्या तेव्हाही होत्याच. पण त्यांत पुढारी मिरवायचे आणि बैठक भरायची ती आग लागल्यावर! १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी हा उलटा कारभार सुलटा केला. मोहल्ल्यामोहल्ल्यांत हिंदू-मुस्लिम रहिवाशांच्या समित्या बसवल्या. त्यांत प्रतिष्ठितांपेक्षा साधी माणसं अधिक, आणि सोबत त्या भागाचा पोलीस. किरकोळ भांडणं, तक्रारी, अफवा, सगळं तिथेच बोललं जाई. खरी करामत या रटाळ, नियमित भेटींत होती. संकटाच्या रात्री दार ठोठावायला ओळखीचा माणूस असायचा.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळाली. भिवंडी शांत राहिलं. पुढे मुंबईनेही मोहल्ला समित्यांचा हा धडा गिरवला.

जुलै २००६ मध्ये मात्र कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीत जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. पोलिसांच्या गोळीबारात दोघे दगावले, जमावाने दोन पोलिसांना ठार केलं.