पाच रुपयांचा करार

परदेशातली नोकरी कमी पगाराची असेल तर घ्यावी का, हा प्रश्न आजचा नाही, बरं का. 1834 पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर जाऊ लागले. तिथली गुलामगिरी संपत होती, मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. आपल्या रत्नागिरीकडची माणसंही मुंबई बंदरातून गेली. करार पाच वर्षांचा. पगार महिना पाच रुपये, वर शिधा.

आपण त्यांना भोळे म्हणून मोकळे होतो. पण पाच रुपये थोडे आहेत हे कळायला शाळा लागत नाही. गावी अनेकांना तेवढीही खात्री नव्हती, म्हणून त्यांनी होकार दिला. गोम पगारात नव्हती, अटींत होती. एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. मळा सोडून गेलं तर तुरुंग. पुढे 1850 च्या दशकात परतीचा मोफत प्रवासही बंद झाला.

तेव्हा आपण नुसत्या आकड्यावर अडू नये. थोड्या पगारात माणूस निभावून नेतो. आधी विचारायचं ते हे: काम सोडता येईल का? आणि परतीची वाट कोणाच्या हातात आहे? दोन्ही मालकाच्याच हातात असतील, तर दुप्पट पगारालाही आपण नाही म्हणावं.