न्यूमन यांची वाट : ऑक्सफर्ड ते रोम

इंग्लंडच्या राजाने रोमशी नातं का तोडलं, ते आपण मागच्या व्याख्यानात पाहिलं. आज तिथून तीनशे वर्षं पुढे येऊ. प्रश्न साधा आहे. मान, पद, व्यासपीठ सगळं हातात असलेला माणूस चव्वेचाळिसाव्या वर्षी ते सोडून पुन्हा विद्यार्थी का होतो? हा माणूस म्हणजे जॉन हेन्री न्यूमन.

न्यूमन यांचा जन्म १८०१ चा, लंडनमधला. १८२२ मध्ये ते ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजचे फेलो झाले, १८२५ मध्ये अँग्लिकन धर्मगुरू झाले आणि १८२८ पासून विद्यापीठाचं सेंट मेरी चर्च त्यांच्याकडे आलं. त्यांची प्रवचनं ऐकायला विद्यार्थी गर्दी करत. एक गोष्ट लक्षात ठेवू : तरुणपणी ते पोपला चक्क ख्रिस्तविरोधक मानत. म्हणजे रोमची ओढ त्यांना आधीपासून होती, असं म्हणायला जागा नाही.

मग सुरुवात कुठे झाली? राजकारणात. १८३३ मध्ये सरकारने आयर्लंडमधल्या अँग्लिकन चर्चची बावीसपैकी दहा बिशपपदं कमी करायचं ठरवलं. आर्थिकदृष्ट्या ते गैर नव्हतं. तिथली बहुसंख्य जनता कॅथलिकच होती. पण ऑक्सफर्डमधल्या काही जणांना वेगळाच प्रश्न पडला : बिशप ठेवायचा की काढायचा, हे पार्लमेंट कोण ठरवणार? चर्च हे सरकारी खातं आहे, की ख्रिस्ताच्या प्रेषितांपासून चालत आलेली संस्था? १४ जुलै १८३३ रोजी जॉन केबल यांनी याच विषयावर प्रवचन दिलं आणि पुढे ‘ऑक्सफर्ड चळवळ’ उभी राहिली. तिच्या पत्रिका निघू लागल्या. पहिली न्यूमन यांनीच लिहिली.

त्यांची भूमिका ‘मधल्या वाटेची’ होती. एका बाजूला प्रॉटेस्टंट, दुसऱ्या बाजूला रोम आणि मधे प्राचीन चर्चचा खरा वारसा सांभाळणारं इंग्लंडचं चर्च. दिसायला सुबक. पण १८३९ च्या उन्हाळ्यात ते पाचव्या शतकातले धर्मवाद वाचत होते, तेव्हा त्यांना दिसलं की तिथेही असाच एक मधला गट होता, आणि चर्चने त्यालाच पाखंडी ठरवलं होतं. त्या गटात आपलाच चेहरा दिसला, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. त्यांना हलवलं ते इतिहासाच्या वाचनाने, म्हणून ही कथा आपल्या विषयाची.

१८४१ साली दोन घाव बसले. ऑक्सफर्डमध्ये प्रवेश घेताना इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे. या कलमांचा कॅथलिक परंपरेला धरूनही अर्थ लावता येतो, असं न्यूमन यांनी नव्वदाव्या पत्रिकेत मांडलं. गदारोळ झाला. कॉलेजांच्या प्रमुखांनी निषेध केला, बिशपच्या सांगण्यावरून पत्रिका बंद पडल्या. त्याच वर्षी इंग्लंड आणि प्रशिया यांनी मिळून जेरुसलेमला एक संयुक्त बिशपपद निर्माण केलं. सरकारं आपसांत ठरवून बिशप नेमतात, मग प्रेषितांच्या वारशाचं काय राहिलं?

१८४२ मध्ये ते ऑक्सफर्डजवळच्या लिटलमोर गावी राहायला गेले. जुने तबेले दुरुस्त करून केलेल्या खोल्या, उपास, प्रार्थना, वाचन. सप्टेंबर १८४३ मध्ये त्यांनी सेंट मेरी सोडलं. पुढची दोन वर्षं ते थांबले, कारण आपण घाईत किंवा रागात निर्णय घेत नाही ना, याची त्यांना खात्री हवी होती. अखेर ८ ऑक्टोबर १८४५ च्या रात्री डॉमिनिक बार्बेरी नावाचे इटालियन धर्मगुरू पावसात भिजत लिटलमोरला पोचले आणि दुसऱ्या दिवशी न्यूमन कॅथलिक झाले.

किंमत काय मोजली? हॅरिएट या बहिणीने संबंध तोडले. केबल आणि प्युसी हे जिवलग सोबती अँग्लिकनच राहिले. १८४६ मध्ये सोडलेल्या ऑक्सफर्डमध्ये ते परत आले थेट १८७८ साली.

आणि धर्मगुरूपद? अँग्लिकन दीक्षा रोमच्या लेखी धरली जात नसे. वीस वर्षांची सेवा जणू झालीच नाही! न्यूमन रोमला गेले, वयाने कितीतरी लहान मुलांबरोबर शिकले आणि ३० मे १८४७ रोजी नव्याने दीक्षा घेतली. ते अविवाहित होते म्हणून ही वाट खुली तरी होती. बायकोमुलं असलेल्या अँग्लिकन धर्मगुरूने रोमचा रस्ता धरला, तर पद आणि पगार दोन्ही जात आणि पुन्हा धर्मगुरू होता येत नसे. ‘इतके जण का गेले नाहीत?’ असं विचारताना आपण हा घरखर्चाचा हिशेब विसरतो.

रोमला गेल्यावरही सुख नव्हतंच. जुने लोक दगाबाज म्हणत, नव्यांना पुरता विश्वास नसे. १८६४ मध्ये चार्ल्स किंग्सली यांनी त्यांच्या सचोटीवरच बोट ठेवलं, तेव्हा न्यूमन यांनी आपल्या मतांचा सगळा प्रवास ‘अपोलोजिया’त उलगडला. १८७९ मध्ये ते कार्डिनल झाले, १८९० मध्ये वारले, २०१९ मध्ये संत घोषित झाले.

या चळवळीचा एक धागा आपल्याकडेही येतो. न्यूमन गेले तरी चळवळ संपली नाही. तिच्या मुशीतून अँग्लिकन मठ निघाले. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला, तो अशाच जोगिणींच्या सहवासात. आणि ज्या पंचहौद मिशनच्या चहावरून पुण्यात टिळक-रानड्यांना प्रायश्चित्ताचा वाद भोवला, तिथेही याच परंपरेचे लोक काम करत होते.

न्यूमन यांचा निष्कर्ष आपल्याला पटो न पटो. पण आपलंच मत पुराव्याला टिकत नाही, हे दिसल्यावर सहा वर्षं ते तपासत राहणं आणि मग त्याप्रमाणे वागणं, हे इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकाला अवघड जातं. पुढच्या वेळी आपण मागे राहिलेल्यांकडे, म्हणजे केबल आणि प्युसी यांच्याकडे वळू. त्यांच्याकडेही कारणं होती.