ग्रेस केलीचा गाऊन आणि स्टुडिओंचा वेशभूषा विभाग

३० मार्च १९५५ रोजी हॉलिवूडच्या पँटेजिस नाट्यगृहात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर स्वीकारताना ग्रेस केलीने घातलेला फिकट निळा, किंचित हिरवट झाक असलेला गाऊन पुरस्कार सोहळ्यांतील सर्वांत देखण्या पोशाखांपैकी एक मानला जातो आणि तो मान सार्थच आहे. मात्र त्याचे खरे महत्त्व केवळ देखणेपणात नसून, तो ज्या व्यवस्थेत घडला त्या व्यवस्थेच्या अखेरच्या बहराचा तो उत्तम नमुना आहे, यात आहे.

ही व्यवस्था म्हणजे स्टुडिओ पद्धती. तिच्यात कलावंत ठरावीक मुदतीच्या कराराने एका चित्रसंस्थेशी बांधलेले असत, आणि पडद्यावरचे कपडे बेतणारा व शिवणारा त्या संस्थेचा वेशभूषा विभाग अनेकदा त्यांच्या समारंभांच्या पोशाखांचीही काळजी वाहत असे. केलीचा करार एमजीएमशी होता. ज्या चित्रपटासाठी तिला हे ऑस्कर मिळाले त्या ‘द कंट्री गर्ल’साठी मात्र ती पॅरामाउंटकडे उसनी आली होती आणि तेथील मुख्य वेशभूषाकार एडिथ हेड हिनेच चित्रपटातले कपडे आणि हा गाऊन, दोन्ही बेतले. या दोन कामांतील अंतर लक्षणीय आहे. मद्यासक्त नटाच्या खचलेल्या पत्नीच्या भूमिकेसाठी हेडने केलीला साधे, रंगहीन कपडे देऊन तिचे सौंदर्य जाणीवपूर्वक झाकले होते, तर पुरस्काराच्या रात्री तेच सौंदर्य तिने कोणत्याही जडजवाहिराचा भार न टाकता समोर आणले. बारीक खांदपट्ट्या, अंगालगत बसणारा वरचा भाग, जमिनीपर्यंतचा घेर आणि जोडीला त्याच कापडाचा झगा, एवढ्यावरच सारी रचना उभी होती.

कापड होते फ्रेंच रेशमी साटीन. साटीन हे धाग्याचे नव्हे, विणीचे नाव असून तिच्यात उभे धागे अनेक आडव्या धाग्यांवरून मोकळे, लांबवर जात असल्याने पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि प्रकाश एकसंध परावर्तित होतो. ऑस्कर सोहळ्याचे दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण १९५३ मध्ये सुरू झाले होते व ते कृष्णधवल होते. त्यामुळे घरी बसलेल्या प्रेक्षकांना या गाऊनचा रंग दिसणे शक्य नव्हते, दिसली ती साटीनची झळाळी. रंग पाहायला मिळाला तो ११ एप्रिल १९५५ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर, जिथे केली त्याच गाऊनमध्ये झळकली. त्याआधी चित्रपटाच्या पहिल्या खेळालाही तिने तो घातला होता. एकच पोशाख तीन जाहीर प्रसंगी घालण्यात त्या काळी कोणाला उणेपणा वाटला नाही, ही गोष्ट आजच्या प्रथेच्या तुलनेत मुद्दाम नोंदवावी अशी आहे.

त्याच रात्री हेडला ‘सॅब्रिना’साठी कृष्णधवल चित्रपटांच्या वेशभूषेचा पुरस्कार मिळाला. वेशभूषेसाठी स्वतंत्र ऑस्कर देण्याची प्रथा १९४९ मध्ये पडली होती. ‘सॅब्रिना’त ऑड्री हेपबर्नचे जे पोशाख प्रेक्षकांच्या मनात राहिले, त्यांतील महत्त्वाचे पॅरिसच्या युबेर द जिवांशीचे होते, परंतु श्रेयनामावलीत त्याचे नाव नव्हते. हा अन्याय होता, आणि येऊ घातलेल्या बदलाची ती पहिली स्पष्ट खूणही होती. स्टुडिओच्या छपराखालील वेशभूषाकाराची जागा स्वतःच्या नावाने ओळखली जाणारी फॅशन पेढी घेऊ लागली होती.

दूरचित्रवाणीची स्पर्धा आणि चित्रगृहांच्या साखळ्या मोठ्या चित्रसंस्थांच्या हातून काढून घेणारा १९४८ चा न्यायालयीन निर्णय यांमुळे स्टुडिओ पद्धती खिळखिळी झाली, दीर्घ करार संपले आणि त्यांच्याबरोबर वेशभूषा विभागांचा पसाराही आटला. हेडनेही दशकानुदशकांच्या सेवेनंतर १९६७ मध्ये पॅरामाउंट सोडून युनिव्हर्सलची वाट धरली. १९९० च्या दशकात अर्मानीसारख्या पेढ्या तारकांना सोहळ्यांसाठी पोशाख पुरवू लागल्या; निकोल किडमनने १९९७ मध्ये घातलेला, जॉन गॅलियानोने डिओरसाठी बेतलेला पोपटी गाऊन या नव्या रीतीचे ठळक उदाहरण होय. तोपर्यंत गाऊनबरोबर पेढीचे नावही जगभर घेतले जाऊ लागले होते, आणि १९५५ मध्ये जिवांशीला जे नाकारले गेले ते त्याच्या व्यवसायबंधूंना न मागता मिळू लागले होते.