दख्खनचे दंगे आणि जळालेली 'डिस्क' : भीमथडी-शिरूर, १८७५

१/ डेटा सेंटरमधील रॅकमध्ये डिस्कचे कप्पे, कंट्रोलर, पॉवर सप्लाय, पंखे असे बरेच काही असते. पंखा बिघडला तर बदलता येतो. माहिती मात्र असते ती डिस्कवर. नेमका हाच भेद १८७५ साली पुणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी ओळखला होता.

२/ १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजच्या दौंडचा परिसरही त्याच तालुक्यात. उठावाचे लोण शिरूर तालुक्यातही पोहोचले. सुप्यात दुकाने लुटली गेली. इतरत्र जमावाचा रोख बहुधा कर्जरोखे आणि हुकूमनाम्यांवर होता. ते हाती लागताच जाळले जात.

३/ कारण मूळ रोखा सावकाराच्या पेटीत असे. निरक्षर कुणब्याजवळ बहुधा नक्कलही नसे. फेड किती झाली, हे सावकाराची वही सांगेल तेच.

४/ हुकूमनामा मात्र जाळून मिटत नसे. त्याची मूळ नोंद न्यायालयाच्या दप्तरात राही.

५/ १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या ४ जिल्ह्यांत शेतकऱ्याचा रोखा ग्रामनिबंधकासमोर करणे सक्तीचे झाले. मूळ रोखा धनकोकडे, नक्कल ऋणकोकडे, नोंद निबंधकाच्या वहीत.

६/ आज एकच माहिती अनेक डिस्कवर ठेवतात, ती डिस्क बिघडेल या भीतीने. तेव्हाची भीती माणसाची होती: प्रत ज्या एकट्याच्या हाती, सत्यही त्याच्याच हाती.