दोन तळी, दोन न्याय

श्रीपेरुंबुदूरची ख्याती रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून आहे. मद्रास व कांचीपुरम यांच्यामधील या मुलखाने १७८० साली कंपनी सरकारच्या एका नामांकित सेनापतीची कीर्ती पणास लागलेलीही पाहिली. तो सेनापती म्हणजे सर हेक्टर मन्रो. १७६४ मध्ये बक्सारची लढाई त्याने जिंकली. त्याच वर्षी, लढाईपूर्वी, बंडखोर ठरलेल्या २४ शिपायांना त्याने तोफेच्या तोंडी देण्याची शिक्षा बजावली. शिस्तीपुढे दयामाया नाही, हा त्याचा लौकिक होता.

नाना फडणविसांच्या पुढाकाराने झालेल्या इंग्रजविरोधी सख्यानंतर हैदरअली कर्नाटक प्रांतात उतरला. गुंटूरकडून येणाऱ्या कर्नल बेलीने कांचीस येऊन मिळावे, असे मन्रोने ठरविले. वाटेत बेली अडला, तेव्हा मन्रोने कुमक धाडली. स्वतः मात्र तो कांचीतच राहिला. १० सप्टेंबर १७८० रोजी पुल्ललूर येथे हैदर व टिपू यांनी बेलीच्या सुमारे ३,८०० सैन्याचा धुव्वा उडविला. काही कोसांवर असलेला मन्रो निघाला तो उशिरा, आणि परतला. पुढे अवजड तोफा कांचीच्या तळ्यात लोटून त्याने मद्रासकडे माघार घेतली.

येथे मराठी वाचकास तळेगावचे तळे आठवल्यावाचून राहणार नाही. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी आपल्या तोफा त्यात टाकल्या व वडगावी महादजी शिंद्यांपुढे नमते घेतले. त्याबद्दल एगर्टन, कॉकबर्न व कार्नॅक हे तिघेही बडतर्फ झाले. मन्रोवर टीका पुष्कळ झाली, पण पद गेले नाही. १७८१ मध्ये त्याने नागपट्टणम घेतले, पुढे तो मेजर जनरल झाला, आणि पार्लमेंटातील त्याची जागा १८०२ पर्यंत टिकली. बेली मात्र १७८२ मध्ये श्रीरंगपट्टणच्या कैदेत मरण पावला.

मन्रोच्या बाजूने बोलण्यासारखे नाही असे नाही: धान्याची चणचण होती, घोडदळ तुटपुंजे होते. परंतु तळेगावच्या सेनानींच्या अडचणीही खोट्या नव्हत्या. तेव्हा अपराधाचे माप कृत्यावरून ठरत नव्हते. पूर्वपुण्याई आणि प्रतिष्ठा यांवरून ठरत होते. ज्या शिस्तीने शिपायांचे प्राण घेतले, ती सेनापतीच्या दाराशी पोहोचलीच नाही. पराभवापेक्षा हा पक्षपातच इतिहासाने अधिक काळजीपूर्वक नोंदविला पाहिजे.